देवाचा तांब्या

८ ऑगस्ट
वैशूच्या चाळीत तिसरी कावीळ. घाटकोपरचा डोंगर, गटारातून गेलेले पाइप आणि माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात. गरोदर बाईला ही पाण्यातून होणारी कावीळ जिवावर बेतू शकते. पाणी तपासायच्या आमच्या लॅबमध्ये हेच वाक्य मी लोकांना शांतपणे सांगते. आज भाजी चिरताना आठवलं आणि हात थांबला.
उद्या तिच्या नळाचा नमुना मीच घेणार.

९ ऑगस्ट
घेतला. नळ स्पिरिटने पुसला, पाणी थोडं वाहू दिलं, मग बाटली भरली. क्लोरीन व्यवस्थित. वैशूच्या सासूबाईंनी चहा केला. मावशी मालवणच्या, सुनेला फुलासारखं जपतात. पाणी उकळायचं पातेलं कायम गॅसवर.
"ताई, तू उगाच टेन्शन घेतेस यार," वैशू म्हणाली.

१० ऑगस्ट
नमुना पास. वैशूला फोन केला. "झकास!" मग दिवसभर तेच डोक्यात. पाणी चांगलं, तर माणसं पिवळी कशी?

१७ ऑगस्ट
वैशूकडे जेवायला. दिवाबत्ती झाल्यावर मावशींनी देवापुढच्या तांब्यातून तीर्थ दिलं. वैशू प्यायली, सवयीने मीही. मग विचारलं, हे उकळलेलंच ना?
"देवाचा पाणी कोण उकळता गो? नळ इलो की पयलो तांब्यो देवाचो."
पाणी नसताना रिकामा पाइप गटारातलं ओढून घेतो, आणि नळ आला की तेच आधी बाहेर पडतं. अख्खी चाळ ते मोरीत सोडते. मीही सोडलं होतं, नियमाप्रमाणे, बाटली धरायच्या आधी.
आणि वैशूला रोज. बाळासाठी एक पळी जास्त.

१८ ऑगस्ट
पाणी यायच्या वेळी गेले. मावशींच्या तांब्याआधी माझी बाटली धरली. त्यांनी तांब्या मागे घेतला. त्यांच्या मनाला फार लागलं.
लॅबमधले साहेब म्हणाले, "मॅडम, असा नमुना घेत नाहीत." माहितीये. तरी तपासणीला लावा म्हटलं.

१९ ऑगस्ट
फेल. पाइपची तक्रार टाकली. संध्याकाळी मावशींना सांगितलं. बसूनच राहिल्या.
"माझ्याच हातान दिलंय मी तिका."
मग उठल्या, तांब्या घासला, उकळून गार केलेलं पाणी त्यात ओतलं, देवापुढे ठेवून हात जोडले. मला वाटलं होतं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.
वैशूचं रक्त तपासलं, सध्या ठीक. पण ही कावीळ अंगात शिरली तरी दिसायला कित्येक आठवडे घेते. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. म्हणजे वाट बघा.

२८ ऑगस्ट
रोज सकाळी व्हिडिओ कॉल. खिडकीशी ये, खालची पापणी ओढ. वैशू वैतागते. "डोळे आहेत गं, नमुना नाही!" मी हसते, आणि दुसरा डोळा दाखवायला लावते.

४ सप्टेंबर
आज दुपारी तिनेच व्हिडिओ कॉल केला. "ताई, भाताचा वासच नको वाटतोय गं. असं होतं ना या दिवसांत?" होतं, म्हटलं. काविळीतही होतं. मागून मावशींचा आवाज, "माका तिचे डोळे पिवळे दिसतत."
"बल्बचा उजेड आहे तो," वैशू म्हणाली.
बल्ब बंद कर म्हटलं. केला. खोली काळोखी, बाहेर आभाळ भरलेलं. काही कळेना.
रिक्षात लिहितेय, अक्षर हलतंय. तिला गल्लीत, उघड्यावर उभी करून बघायचंय. पोचेपर्यंत एवढा उजेड राहू दे.