अंगावरच्या पित्ताची चौकशी

३ फेब्रुवारी
दोन महिने अंगावर पित्त उठतंय. आज लखनौच्या हजरतगंजात डॉ. नीलम श्रीवास्तव यांना दाखवलं. त्यांचं वय माझ्या सर्व्हिसपेक्षा कमी. चिठ्ठीवर लिहिलं, 'क्रॉनिक इडिओपॅथिक अर्टिकेरिया'. अर्थ विचारला.

"अंकल, क्रॉनिक मतलब छह हफ़्ते से ज़्यादा. इडिओपॅथिक मतलब वजह पता नहीं. गोली रोज़ लीजिए."

वजह पता नहीं, पण नाव केवढं! रेल्वेत एकतीस वर्षं बिघाडांच्या चौकश्या करतोय. 'कारण अज्ञात' एकदाही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी दोषी सापडतोच.

गोळी घेणार नाही. गोळीने पुरावा नष्ट होतो. पंधरा दिवसांत कारण शोधून बाईंच्या टेबलावर ठेवीन.

४ फेब्रुवारी, सकाळी ६
पद्धत ठरली. एकेक संशयित बंद करायचा. वांगं बंद, शेंगदाणे बंद. खिचडीत मग काय घालायचं, असं बायकोने, चंद्रप्रभाने, विचारलं. बायकांना तपासातलं काही कळत नाही.

८ फेब्रुवारी
पित्त आहेच. साबण, कपड्यांची पावडर दोन्ही बदललं. अमोघ म्हणतो, पापा, गोली खा लीजिए ना. लखनौत वाढलेलं पोर, चिकाटी कुठून येणार?

११ फेब्रुवारी
स्वयंपाकाच्या देविकाला काढलं. तिचा मोहरीच्या तेलाचा हात पहिल्यापासून संशयास्पद.

१४ फेब्रुवारी
मांडीवर भारताचा नकाशा उठला. म्हणजे देविका निर्दोष. परत बोलावलं, तर तिने गोमती नगरात दुसरं घर धरलंय. लोकांना निष्ठा म्हणून नाहीच. चंद्रप्रभा पोळ्या करते आणि भांडी आपटते.

१५ फेब्रुवारी
घरात एकच घटक उरला. चंद्रप्रभा. तिला शांतपणे समजावलं, हा आरोप नाही, चाचणी आहे. आठ दिवस सांगलीला भावाकडे राहा. तिने लगेच बॅग काढली. भरताना गुणगुणत होती. सहकार्य उत्तम.

२१ फेब्रुवारी
ती नाही, पित्त दुप्पट. अमोघ मित्राकडे जेवतो. मी ब्रेड. फोन करून निकाल कळवला: तू निर्दोष, परत ये. म्हणाली, घाई नाही, चौकशी नीट पूर्ण होऊ द्या.

२३ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंकडे गेलो. तोच 'इडिओपॅथिक' शब्द मोठ्या अक्षरांत, सही-शिक्क्यासकट मागून घेतला. गोळी त्यांच्यासमोरच गिळली. कागदाचा फोटो चंद्रप्रभाला पाठवला आणि खाली लिहिलं की काही वेळा कारण सापडतच नाही, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे.

२४ फेब्रुवारी
उत्तर आलं. 'वाचलं. कारण सापडलं की कळवा, मग तिकीट काढते.'

गोळीने खाज थांबली. घर मात्र खायला उठतंय.