प्लेट गरम करून बघितली

ता. ११, गुरुवार, सकाळ

चि. बयोस,

बाबांचा आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा आईच जास्त कुरकुरते. तुझा खोकला गेला का? तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नाही म्हणे. लावून घे. मला इथे बसून उगीच तीच कडी दिसत राहते. आणि गॅसचं बटण दोनदा बघत जा.

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू 'हॅलो' म्हणतेस आणि मी फोन आईकडे देतो, हे तुला ठाऊकच आहे. लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही.

तुझ्या कारखान्यात विजेच्या मोटरींच्या वाइंडिंगची, तार गुंडाळायच्या कामाची, मुख्य म्हणून तुला विचारलंय, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस, असं आई म्हणाली. "माझा हात कच्चा आहे," असं म्हणालीस म्हणे. त्यासाठीच लिहायला बसलो. पण आधी कामाचं सांगतो.

मागच्या खोलीत काम चालू आहे. परवा गिरणीवाल्याच्या गाडीचा आल्टरनेटर आला, बॅटरी चार्जच करेना. दोन मेकॅनिकांनी "नवाच घाला" म्हणून परत पाठवलेला. मी खोलला. रोटर मीटरवर साडेतीन ओहम, म्हणजे ठणठणीत. ब्रश तेवढे झिजून नखाएवढे राहिलेले आणि बेअरिंग खरखरत होतं. दोन्ही बदललं, गाडीवर चढवला, चौदा व्होल्ट. गिरणीवाला म्हणाला, "काका, तुमचे हात सोन्याचे." मी म्हटलं, "सोन्याचे असते तर तुझ्या काकूनं केव्हाच मोडीत काढले असते."

त्या ब्रशला एक स्प्रिंग हवी होती म्हणून टेबलाखालचं खोकं ओढलं. त्यात व्हॅनवाल्याचा आल्टरनेटर निघाला. तोच.

शाळेची व्हॅन रस्त्यात बंद पडली आणि पोरं दप्तरं घेऊन पायी गेली, तो दिवस तू विसरली नसशील. व्हॅनवाल्यानं जळका आल्टरनेटर टेबलावर आपटला आणि विचारलं, "हे कुणाचं काम?" मी पेचकस तुझ्याकडे रोखला. चार गिऱ्हाइकं उभी होती. म्हणालो, "पोरीच्या हातात वाइंडिंग दिलं, हीच माझी चूक." तू हात धुतलेस, एप्रन खिळ्याला अडकवलास आणि बाहेर पडलीस. मला वाटलं चहाच्या वेळेला येशील. त्याला चार वर्षं झाली.

खरं सांगतो, त्या दिवशी मी ते वाइंडिंग नीट बघितलंच नव्हतं. जळका वास आला आणि तोंड सुटलं.

आता भिंग लावून बघितलं. तार कच्ची गुंडाळली तर एखाद्या जागी दोन-चार वेढे काळे पडतात. इथे वेढ्यांच्या तीन फेजांपैकी एक अख्खा फेज, पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत, सारखा करपलाय. उरलेले दोन अजून लखलखीत आहेत. एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. असं जळतं ते डायोडमुळे. वीज एकाच बाजूला सोडायची सोडून तो दोन्हीकडे सोडायला लागला की त्याचा फेज भाजून निघतो.

डायोडची प्लेट मी बसवली होती. जुनीच. तू म्हणाली होतीस, "बाबा, जुनी घालताय तर गरम करून तपासा." मी म्हणालो, "मीटर बरोबर दाखवतंय ना? मला शिकवू नकोस."

परवा ती प्लेट सुटी करून तपासली. थंड असताना सगळे डायोड बरोबर. मग आईचं केस वाळवायचं यंत्र घेतलं. आई दारातून म्हणाली, "तुमच्या डोक्यावर वाळवायला उरलंय काय?" प्लेट हाताला चटका बसेल इतकी तापवली आणि मीटर लावला. एक डायोड दोन्ही बाजूंनी वाहत होता. तीनदा थंड केली, तीनदा तापवली. तीनही वेळा तेच.

मला रात्रीचं दार लावल्याचीसुद्धा खात्री नसते, दोनदा उठून बघतो. पण याची आहे. तुझं काम चोख होतं, बयो.

काल व्हॅनवाल्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, मी केव्हाच विसरलो." मी म्हटलं, "ती विसरली नाही." तर म्हणाला, "मग माझ्या दारात काय करताय? तिला सांगा की." बरोबरच बोलला.

घरी ये म्हणून हे लिहीत नाही. यायचं तर ये, नाही आलीस तरी माझी काही तक्रार नाही. पण सोमवारी हो म्हण. माझ्या एका वाक्यापायी ती जागा दुसऱ्याला जाऊ देऊ नकोस. करपलेलं वाइंडिंग वेगळ्या पार्सलनं पाठवलंय. तुझ्या डोळ्यांनी बघ, मग ठरव. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मीसुद्धा आता ठेवत नाही.

तिथे कुणी विचारलं, काम कुठे शिकलीस, तर माझं नाव घेऊ नकोस असं लिहिणार होतो. पण ते मनापासून नाही. घे.

चार गिऱ्हाइकांसमोर खोटं बोललेला,
तुझा बाबा