तिसऱ्या वळणावरची गोटी

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दुकानात घड्याळांची रीघ लागली असेल, तरी हे आधी वाच. आमच्या घरात उंदीर झाला आहे. काल एका गिऱ्हाइकाच्या झग्याचं अस्तर त्याने कुरतडलं. तुकडा सोबत पाठवते, नाहीतर तुला पटायचं नाही.

तुझ्या दाजींना म्हटलं, पिंजरा आणा. ते ‘हूं’ म्हणाले. गोदामातली क्रेनवरची नोकरी सुटल्यापासून माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसला आहे तो बसलाच आहे. डॉक्टर म्हणतात, गुडघे ठणठणीत आहेत, पण वापरले नाहीत तर जातील. घराएवढी खोकी हसत उचलणारा माणूस आता स्वतःला उचलत नाही. मला उंदराची नाही रे, त्या खुर्चीची भीती वाटते.

तू एक सापळा करून पाठव. बाजारातला नको, तो मीही आणीन. बघत बसावंसं वाटेल असा कर. फक्त लहानपणी केलास तसला नको. त्यात उंदराऐवजी बाबांचा अंगठा सापडला होता, आणि ते ओरडत असताना तू मापं बरोबर होती म्हणून वाद घालत होतास.

लोभ आहेच, तोही कुरतडला जायच्या आत उत्तर धाड.

तुझी ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

मापं बरोबरच होती. बाबांनी अंगठा ठेवायला नको होता.

तुकडा मिळाला. घड्याळाच्या भिंगाखाली धरून नीट पाहिला. उंदीर कुरतडतो तेव्हा दोऱ्यांची पिंज होते, कड वेडीवाकडी जाते. तुझ्या उंदराने सरळ रेषेत, एकसारखे त्रिकोण पाडत अस्तर कापलं आहे. शिवाय त्याचा टोकाचा एक दात मोडका आहे. तुझ्या दातेरी कात्रीचाही मोडका आहे. धार लावून दिली तेव्हा मीच तुला दाखवला होता. हे ओळखायला मी कुठल्या शाळेत गेलो नव्हतो. असा शिस्तीचा उंदीर खरंच मिळाला तर मारू नकोस, काजं-बटणं करायला बसव.

तुला उंदीर पकडायचा नाही, दाजींना उठवायचं आहे. तसं सरळ लिहिलं असतंस तरी चाललं असतं, एक अस्तर वाचलं असतं. असो. सापळा करतो. अट एकच: तो आला की दाजींना ‘अहो, जरा बघा ना’ म्हणायचं नाही. तू आपली शिवत बस.

लोभ असावा, भिंगाखाली धरला तरी अखंड दिसेल असा.

तुझा धाकटा


ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण आधी रागावते.

सापळा जोडण्यात माझी अख्खी सकाळ गेली. बिस्किट ओढलं की दोरा निसटतो, दोऱ्याने गोटी सुटते, गोटी लाकडी पन्हळीतून तीन वळणं घेत चमच्यात पडते, चमचा कलंडतो आणि वरची टोपली धप्पकन खाली. तेवढ्या वेळात उंदीर बिस्किट संपवून, मिशा पुसून घरी जाईल, पण ते सोड. बघायला गिऱ्हाइकं जमली, शेजारीण आली, आणि तुझी गोटी तिसऱ्या वळणावर थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा तिथेच. फ्रॉक शिवून घेणाऱ्या बाई तर सगळ्यांदेखत म्हणाल्या, की तुमच्या भावाकडे घड्याळं देतं तरी कोण. मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिले.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “उतार कमी पडतोय.”

कोणी लक्ष दिलं नाही. गोटी पुन्हा अडकली. आणि मग ते उठले, रे. खिडकीतली काडेपेटी घेतली, पन्हळीच्या पायाखाली सरकवली, एक डोळा मिटून पाहिलं आणि गोटी सोडली. टोपली पडली ती थेट शेजारणीच्या हातावर. किती दिवसांनी या घरात इतकं हसलो. तेव्हापासून ते पन्हळीपाशीच असतात. रोज कोणी ना कोणी गोटी सोडायला येतं, आणि हे त्यांना ती कशी धरायची ते शिकवतात.

आणखी एक गंमत. सापळ्यातलं बिस्किट दुपारी नाहीसं होतं, दोरा मात्र जागेवर. डॉक्टरांनी यांचं लोणी बंद केलंय, आणि बिस्किटाला मी लोणी लावते. मी पाहून न पाहिल्यासारखं करते.

माया आहेच, या खेपेला तुझ्या कारागिरीपेक्षा जरा जास्त.

तुझी ताई


ता. १० जुलै

ती. ताईस,
दुखावलेल्या कारागिराचा सा. न. वि. वि.

गोटी थांबली नाही, मी थांबवली. पहिल्यांदा सोडली तेव्हा ती पाण्यासारखी धावत होती. मग तिसऱ्या वळणाआधीचा पाया मी काडेपेटीच्या जाडीइतका कापला. तेवढाच, कारण काडेपेटी दाजींच्या हाताशी असते. जन्मभर क्रेनवर बसलेल्या माणसाला अधांतरी अडकलेलं ओझं बघवायचं नाही, हा माझा अंदाज. पण ताई, मुद्दाम चुकीचं काम करायला बरोबर कामापेक्षा जास्त वेळ लागतो. हात ऐकत नाही. तीनदा करवत खाली ठेवली.

दाजींना यातलं अक्षरही सांगू नकोस. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो. फक्त त्या फ्रॉकवाल्या बाईंना, विषय निघाला तर, आणि नाही निघाला तर काढून, एवढं कळव की ते मुद्दाम होतं.

बिस्किटाला लोणी लावणं बंद कर.

लोभ असावा, कारागिरीवरही.

तुझा धाकटा


ता. २४ जुलै

मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमच्या सापळ्याच्या सगळ्या कडा घासून पॉलिश केलेल्या, आणि एकाच पायाचा तळ कोरा. तुमच्यासारखा माणूस तळ कोरा सोडत नाही. पाया उचलला तेव्हाच समजलो. उंदीर नव्हता हेही ठाऊक होतं. इतकी वर्षं शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर संसार केला, दातेरी कात्री मला ओळखता येत नाही होय? तरी उठलो. गोटी खरंच अडकली होती ना.

आता मुद्द्याचं. सापळ्यातलं बिस्किट रोज नाहीसं व्हायचं, ते मी खात नव्हतो. मला वाटायचं, आपला उंदीर जिवंत ठेवायला तुमची ताईच ते उचलते. काल ती दोरे आणायला गेली होती आणि टोपली पडली. वाकून पाहिलं तर आत करडा, गुबगुबीत, हिच्या लोण्यावर पोसलेला खराखुरा उंदीर.

आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो. याला लांब नेऊन सोडला की खेळ संपला. सापळा माळ्यावर, माणसं आपापल्या घरी आणि मी खुर्चीत. टोपली उचलली. तो शिलाई मशीनखाली गेला. हिला सांगितलं, वाऱ्याने पडली.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांची काळजी नको. छताला कप्पी लावून सगळे वर टांगलेत; दोरी सैल केली की झगा अलगद खाली येतो. फ्रॉकवाल्या बाई नुसतं ते बघायला येऊन गेल्या. तुमचं ते ‘मुद्दाम’ त्यांना पटलेलं नाही.

तर घरात उंदीर नाही हे हिला पक्कं ठाऊक आहे, आणि आहे हे मला. तुम्ही मध्ये पडू नका.

लोभ आहे, तो गोटीसारखा चालता ठेवावा.

तुमचे दाजी

ता. क. पन्हळीला चौथं वळण हवं आहे. पाठवाल तेव्हा चूक जरा अवघड ठेवा. ही फार लवकर सापडली.