ईरा प्रॉमला जात नाही

रवि., ६ एप्रिल
इंडियन ग्रोसरीत वैशाली भेटली. कढीपत्ता निवडत होती. म्हणाली, "मेधा, बरं झालं बाई, पोरींनी प्रॉमला जायचंच नाही असं ठरवलं. ती भाड्याची लिमो ठरवायची कटकट तरी गेली."
मी म्हटलं, "हो ना."
हो ना काय! मला काही माहीतच नव्हतं. माझी मुलगी, सिनियर इयर, शाळेतली शेवटची पार्टी, आणि ती जाणार नाही हे मला दुकानात उभ्या उभ्या कळतंय. गाडीत बसून स्वतःची समजूत घातली की वैशालीच्या तन्वीने घरी सांगितलं असेल. घरी आल्या आल्या ईराला विचारलं.
"ओह. मी वैशाली मावशीला सांगितलं होतं. तुला सांगायचं राहिलं."
राहिलं म्हणे.

सोम., ७ एप्रिल
समीरला सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "चांगलंय की. आपला पिकअप-ड्रॉप वाचला." या माणसाला मुलगी म्हणजे पिकअप-ड्रॉप.
ईराकडून थोडंफार काढून घेतलं. चौघींनी मिळून ठरवलंय. ईरा, तन्वी, ग्रेस, कॅमिला. मला वाटलं कोणाचं काही बिनसलंय, कोणी चिडवलंय. तसं काही नाही. "आम्हाला ते सगळं नकोय, आई. हेअर, मेकअप, कोण कोणाबरोबर आलं. वी जस्ट डोन्ट वॉन्ट इट." आणि दही-भात खायला बसली.
मला ते ‘नको’ झोंबलं. सांगलीला कॉलेजच्या गॅदरिंगला वडिलांनी मला एकदाही जाऊ दिलं नाही. तिन्ही वर्षं मैत्रिणींनी दुसऱ्या दिवशी सांगितलेलं ऐकायचं आणि हसायचं. हिला शाळा बोलावतेय, आई कौतुकाने पाठवतेय, बाप गाडी देतोय, आणि ही दही-भात खात खात नाही म्हणते. हेवा वाटला. पोटच्या पोरीचा. लिहिताना बरं वाटत नाहीये, पण वाटला.

शनि., १२ एप्रिल
मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. (पाडवा होऊन दोन आठवडे झाले, पण हॉल आज मिळाला.) जेवणाच्या लाइनीत वैशाली मागे. "अगं, तुला व्हिडिओ पाठवायचा राहिला बघ." हिचंही राहिलं!
व्हिडिओ असा. वैशालीचा ड्राइव्हवे. ईराच्या शाळेच्या बँडमधला डॅनियल, उंच, किडकिडा, हातात ट्रॉम्बोन. पायाशी पोस्टर, त्यावर प्रॉमला येशील का. आधी दोन ओळी वाजवतो, त्यातली दुसरी चुकतो. ईरा तोंडावर दोन्ही हात ठेवून हसते. मग पुढे जाऊन त्याच्याशी काहीतरी हळू बोलते. तो मान हलवतो. ती त्याला मिठी मारते. म्हणजे नाही म्हणाली, आणि तरी तो हसतोय.
"इतकं गोड समजावलं गं तिने त्याला. मला तर भरून आलं. मग मी त्याला आत बोलावून लिंबू सरबत दिलं."
तिला भरून आलं. माझ्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाने विचारलं, आणि भरून आलं वैशालीला.
"पण तो तुमच्याकडे कसा आला?"
"त्याला वाटलं ही इथेच राहते!" आणि हसली. मनात काही नव्हतं तिच्या, मला कळत होतं. पण श्रीखंड न घेताच लाइनीत पुढे सरकले.
घरी आल्यावर ईराला म्हटलं, "डॅनियलचं सांगितलं नाहीस."
"तू रडली असतीस."
"वैशाली मावशी रडली ना."
"ते वेगळं."
वेगळं कसं, ते नाही सांगितलं.

मंगळ., १५ एप्रिल
फार्मसीत दिवसभर उभी. मार्गारेट म्हणाली, तिची मुलगी चौदाव्या वर्षापासून तिच्याशी बोलत नाही, फक्त टेक्स्ट करते. ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
संध्याकाळी ईराला सहज विचारलं, प्रॉमच्या दिवशी तुम्ही चौघी काय करणार? "वैशाली मावशीकडे. पूल, पिझ्झा."
"आपल्याकडे करा ना. मी पावभाजी करते. समीर पिझ्झाही आणेल."
"आई, त्यांच्याकडे पूल आहे."
पूलच्या आधीही ती तिथेच असायची. पूल गेल्या उन्हाळ्यात बांधला.

रवि., २० एप्रिल
वैशाली नागपूरची. तिच्या वडाभाताचं ईराला फार कौतुक. आज मी केला, रेसिपी बघून, वडे सकाळपासून. ईराने दोनदा घेतला. "छान झालाय. मावशी थोडा वेगळा करते."
समीर म्हणाला, "मला तर हाच आवडला." त्याला विचारलं नव्हतं.

शनि., २६ एप्रिल
वैशालीमध्ये काय आहे ते आज शांतपणे आठवून पाहिलं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. घर कायम पसरलेलं. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, पोरी त्या ढिगावरच बसतात. जेवायची वेळ नाही. तन्वीला केमिस्ट्रीत सी ग्रेड मिळाली तर म्हणाली, "मलाही नाही यायची." मी असं कधी म्हटलं नसतं. मला केमिस्ट्री येते.
स्वयंपाकघर दोनदा पुसलं.

शनि., ३ मे
आज झालं ते नीट लिहून काढते.
प्रॉमचे फोटो कारंज्याच्या पार्कमध्ये. मंडळातल्या रश्मीची रिया प्रॉमला जाणार होती. रश्मीचा नवरा भारतात, म्हणून तिने मला मदतीला बोलावलं. गेले. जायला नको होतं. तिथे वीसेक मुली, एकीपेक्षा एक. रियाच्या गाऊनला मागून पिना लावल्या, केसातली फुलं सरळ केली. डॅनियलही दिसला, बँडच्या मुलांबरोबर, जोडीला मुलगी नाही, कोटाच्या खिशात फूल. त्याने ओळखलं नाही. कुठून ओळखणार! त्याच्या लेखी ईराची आई दुसरीच कोणी.
रश्मीने विचारलं, "ईरा कुठंय?" आजूबाजूला चार-पाच आया. आणि मी म्हटलं, "तिला ताप आलाय गं. फार इच्छा होती बिचारीची."
का म्हटलं? कोणी नावं ठेवली नसती. पण त्या सगळ्यांच्या मुली समोर उभ्या होत्या, आणि माझी माझ्याकडे नव्हती.
रश्मी "अरेरे" म्हणेपर्यंत वैशालीची व्हॅन आली. चौघी उतरल्या. शॉर्ट्स, चपला, ओले केस. मैत्रिणींना चिअर करायला आल्या होत्या. रियाला बघून किंचाळल्या, सगळ्यांच्या गळ्यात पडल्या, डॅनियलबरोबर चौघींनी फोटो काढला. ईरा इतकी मोकळी हसत होती की क्षणभर मीही विसरले.
मग रश्मी म्हणाली, "ईरा! अगं ताप आहे ना तुला?"
ईराने रश्मीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सगळं कळलं तिला.
"इट्स बेटर नाऊ, काकू. थँक्स."
वैशालीने पण ऐकलं. ती मुद्दाम कारंज्याकडे बघत राहिली. ते सगळ्यात जास्त लागलं. ओरडली असती, हसली असती तर चाललं असतं.
ईरा व्हॅनमध्ये बसून निघून गेली. मी रियाची शॉल धरून उभी.

रवि., ४ मे
ईरा दुपारी आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच,
"तुला माझी लाज वाटते का?"
"नाही."
"मग ताप कशाला?"
बरंच काही सांगता आलं असतं. म्हटलं, "मला हेवा वाटतो. वैशालीचा."
मराठीतला हेवा तिला कळला नाही. इंग्रजीत सांगावं लागलं. इंग्रजीत फारच वाईट वाटतं ते.
हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, तिथे मी काही सांगितलं तर ती फक्त ऐकते. इथे मी काहीही सांगितलं की तुझं काहीतरी होतं. तू खूश होतेस नाहीतर दुखावतेस. मग मला तुझं बघावं लागतं. डॅनियलला नाही म्हटल्यावर मला फक्त सरबत प्यायचं होतं."
मी म्हटलं, "आईचं काहीतरी होणारच ना गं."
"आय नो. म्हणूनच."
मग ती आंघोळीला गेली. मी तिचा ओला टॉवेल वाळत टाकला. त्याला वैशालीच्या घरचा वास. डिटर्जंटचा. चांगला होता.

बुध., ७ मे
लंच ब्रेकमध्ये वैशालीचा फोन. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. तन्वीच्या ग्रॅज्युएशन पार्टीचं बोलत राहिली. शेवटी मलाच राहवलं नाही.
"वैशाली, ईरा तुझ्याकडे जास्त असते, याचा मला त्रास होतो."
ती म्हणाली, "माहीत आहे मला."
"कधीपासून?"
"वडाभात मला रेसिपी न विचारता केलास ना, तेव्हापासून."
मी जेवणाचा डबा बंद केला.
"मेधा, मी तिला पाठवू का घरी? येऊ नको म्हणू?"
"नको!"
"बरं. कारण मला आवडतं ती येते ते. खोटं कशाला बोलू."
माफी मागेल, निदान समजूत घालेल, असं वाटलं होतं. हे सरळ उत्तर जास्त टोचलं. पण फोन ठेवल्यावर तिच्याबद्दल वाईट काही सुचेना.

रवि., ११ मे
मदर्स डे. ईराने कार्ड दिलं, स्वतः केलेलं. कारंजं काढलंय आणि बाजूला थर्मामीटर तोंडात धरलेली मुलगी. मी इतकी हसले की समीर वरून बघायला आला.
मग विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी. "वैशाली मावशीला पण दिलंस?"
"हो."
"त्यावर काय काढलंय?"
"आई."
नाही विचारलं पुढे.

शनि., १७ मे
वैशाली आणि तन्वी जूनमध्ये गाडीने कोलोरॅडोला जाणार आहेत. ईरालाही जायचंय. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला पेनसिल्व्हेनियाला जाईल. मधले आठवडे मी मनात माझे म्हणून धरले होते.
या वेळी आधी मला विचारलं. मी भाजी चिरत होते, ती टेबलावर पाय वर घेऊन बसली. मान खाली ठेवली, चिरत राहिले, आणि म्हटलं, "जा."
"शुअर?"
"हो."
मग म्हणाली, "तू पण ये ना. व्हॅनमध्ये जागा आहे."
हे तिला स्वतःला वाटलं की वैशालीने सुचवलं, हा प्रश्न अगदी ओठावर आला होता. विचारला नाही.
चार दिवस एका गाडीत. पुढे वैशाली आणि मी, मागे पोरी. ईरा काही सांगायला लागली की पुढच्या दोन सीटपैकी कुठल्या सीटकडे बघून सांगेल, हे मला आत्ताच दिसायला लागलंय. नाही गेले तर इथे बसून तेच दिसणार.
सोमवारी फार्मसीत सुट्टीचं विचारते म्हटलंय तिला. ती म्हणाली, "ओके," आणि चिरलेलं गाजर उचलून खाल्लं.