खिडकीपुढचा कापूस

पेडगाव, ४ मार्च, मंगळवार

आठ दिवसांपूर्वी कापूस मानवतच्या बाजारात विकायला गेला आणि सासूबाईंच्या खोलीची खिडकी मोकळी झाली. दिवाळीपासून ती ढिगाखाली होती. त्या अंधारात त्या दिवसभर झोपायच्या, रात्रभर हाका मारायच्या. पडतील म्हणून आम्ही रात्री ट्यूब जळत ठेवायचो. आता तीही बंद करतो.

आज सकाळी त्यांच्या गालावर ऊन आलं आणि त्या आपणहून उठून बसल्या.

"उजाडलं की गं सुनीता! अजून चहा न्हाई? लय आळशी झालीस."

मला सुनीता म्हणाल्या! चार महिन्यांत पहिल्यांदा ओळखलं. त्यांची सकाळ आपणच कापसाखाली दाबली, आणि म्हणत राहिलो, म्हातारीचं डोकं गेलं.

गालावरचं ते एवढंसं ऊन... टोमणा ऐकून पाया पडावंसं वाटलं. त्यांच्या, की उन्हाच्या?