निळ्या शेपटीचा उंदीर

जळगाव, मंगळवार संध्याकाळ

शेपटीवर निळी खूण केलेल्या उंदराचं वजन वाढलंय! निरोगी उंदरांच्या आतड्यातले जंतू देऊन अशक्त उंदरांचं वजन वाढतं का, ते बघतेय; याला तर ते दिलेच नव्हते. तुलनेसाठी एकटा ठेवला होता. मग पिंजरे सांभाळणारे नाना बोलले, "एकला बठी राहे, काही खाये ना." म्हणून जंतू दिलेल्या चौघांच्या पिंजऱ्यात त्याला सोडून मोकळे! उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. जंतू तसे पोचले? की नुसत्या सोबतीनं खायला लागला? निळी शेपटी आता कुठल्या रकान्यात लिहू?

नानांवर ओरडणारच होते, तर तेच म्हणाले, "मॅडम, तुमना डबा आज बी भरेलच शे." आणि समोर बसले. बोलता बोलता मी सगळा डबा संपवला.

चौघं एकत्र, निळी शेपटी एकटी. प्रयोगाची ही आखणी माझीच ना?