तहसीनची खिडकी

पुणे

आईस हर्षालीचा नमस्कार,

मी बरी हाय, वेळेवर जेवते. शेळी व्याली का?

आपल्या शेजारच्या तहसीनला इथं सरकारच्या अल्पसंख्याक मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. मोठी खिडकी, सकाळी गरम पाणी. मी पत्र्याखाली भाजते, आन् सरकारला तेवढी तीच दिसली! माझा लई जळफळाट झाला. तिला तोंडावर म्हणलेबी.

तिनं विचारलं, "तुला खोली कशी मिळाली?"

"मालकिणीनं आडनाव विचारलं, किल्ली दिली."

"मलाबी समद्यांनी आडनाव विचारलं. शेख म्हणलं, की खोली आधीच गेलेली असायची."

मग ती माझ्या हातातल्या किल्लीकडं बघत बसली. मी तिच्या खिडकीकडं बघत होते ना, अगदी तशीच.

तिच्या अम्मीला यातलं काही बोलू नको. आन् आई, ती खिडकी मला अजूनबी पाहिजे.

तुझीच,
हर्षाली